बाळ डेन्मार्कचे, आईवडील सांगलीचे : वृषणाच्या कर्करोगाचे आकडे कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ३२ वर्षांचे, मूळचे सांगलीकडचे, आणि गेली चार वर्षे कोपनहेगनमध्ये नोकरी करतात. कचेरीतल्या २९ वर्षांच्या डॅनिश सहकाऱ्याला वृषणाचा कर्करोग निघाला. तेव्हा त्यांनी वाचायला घेतले आणि हा आजार जगात सर्वाधिक आढळतो अशा देशांत डेन्मार्कची गणना होते, तर भारतात तो अगदी क्वचित होतो, असे त्यांना दिसले. त्यांनी विचारले आहे की हा फरक खरा आहे, की आपल्याकडे नीट मोजतच नाहीत? तिथे राहिल्याने आपला धोका वाढतो का? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे : तिथेच जन्मलेल्या त्यांच्या दहा महिन्यांच्या मुलाची डावी गोळी अजून खाली उतरलेली नाही, तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि गावाकडची मंडळी ‘पाच वर्षांचा होऊ द्या, आपोआप उतरते’ असे सांगत आहेत.

मी युरॉलॉजिस्ट आहे आणि पंचवीसहून अधिक वर्षे महाराष्ट्रात शहरी व ग्रामीण अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर उपचार करत आलो आहे. अशा पत्रांत खरा प्रश्न बहुधा शेवटच्या ओळीत असतो, आणि इथेही तो तिथेच आहे असे मला वाटते. तरीही त्या ओळीपर्यंत आकड्यांच्याच वाटेने जाणे योग्य ठरेल, कारण मुलाबाबतचे उत्तर त्या आकड्यांमधूनच निघते. वृषणाला आपल्याकडे बोलण्यात गोळी म्हणतात. पुढे मीही दोन्ही शब्द वापरेन.

आधी आकडे कसे मोजतात ते सांगतो. कर्करोगाचा दर दरवर्षी एक लाख लोकांमागे नवे रुग्ण किती, असा मांडतात, आणि देशादेशांची तुलना करताना वयाचा फरक काढून टाकण्यासाठी सगळ्यांना एकाच काल्पनिक लोकसंख्येच्या वयोरचनेवर बसवतात. त्याला वय-समायोजित दर म्हणतात. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जगभरात वृषणाच्या कर्करोगाचे सुमारे ७४,५०० नवे रुग्ण होते आणि सुमारे ९,३०० मृत्यू. सर्व पुरुषांचा विचार केला तर लाखामागे दोनाच्या आतला हा दर आहे, म्हणजे एकंदरीत दुर्मीळ आजार. पण ही सरासरी फसवी आहे. नॉर्वे, डेन्मार्क, स्लोव्हेनिया या देशांत हाच दर दहाच्या आसपास जातो, अमेरिकेत तो सहाच्या आसपास आहे, दक्षिण अमेरिकेत चिली आणि अर्जेंटिना हे देश वरच्या बाजूला आहेत, तर आफ्रिकेचा बराचसा भाग आणि भारत तळाशी आहेत. आपल्याकडच्या नोंदणीकेंद्रांतून येणारा दर लाखामागे एकाच्याही खाली असतो. म्हणजे डेन्मार्क आणि भारत यांच्यात दहा-पंधरा पटींचे अंतर आहे. इतके मोठे अंतर फारच थोड्या कर्करोगांत दिसते.

आता ‘आपल्याकडे नीट मोजतच नाहीत’ या शंकेकडे येतो. ही शंका रास्त आहे आणि तरुण डॉक्टरही ती मला विचारतात. भारतातली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६० च्या दशकात सुरू झाली, राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आला, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथले कर्मचारी रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन माहिती काढत. देशाचा मोठा भाग आजही नोंदणीच्या बाहेर आहे, हे मान्य. पण जिथे नोंदणी चांगली आहे तिथेही वृषणाचा कर्करोग कमीच सापडतो, आणि त्याच नोंदवह्यांत तोंडाचे व गर्भाशयमुखाचे कर्करोग मात्र भरपूर सापडतात. नोंद निसटते ती बहुधा म्हाताऱ्या, घरीच वारलेल्या, तपासणीच न झालेल्या माणसाची. वृषणाचा रुग्ण तरुण असतो, गाठ हाताला लागणारी असते, तो उशिरा का होईना शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो आणि काढलेला भाग तपासणीसाठी पॅथॉलॉजिस्टकडे जातो. अशी नोंद चुकणे तुलनेने अवघड आहे. काही नोंदी गळत असतील, त्यामुळे खरा दर छापील आकड्यापेक्षा थोडा वर असेल; पण गळतीतून पंधरापट फरक तयार होत नाही.

याला दुसऱ्या बाजूनेही दुजोरा मिळतो. जिथे सगळ्यांना एकाच पद्धतीने मोजतात अशा देशांतही वंशावंशांतला फरक टिकून राहतो. अमेरिकेत गोऱ्या पुरुषांतला दर कृष्णवर्णीय पुरुषांतल्या दराच्या चार ते पाच पट आहे आणि आशियाई वंशाच्या पुरुषांतला दरही गोऱ्यांपेक्षा बराच कमी आहे. इंग्लंडमध्येही दक्षिण आशियाई पुरुषांत हा आजार गोऱ्यांपेक्षा कमी दिसतो. न्यूझीलंडमध्ये तर गंमत अशी की तिथल्या माओरी पुरुषांत तो युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षाही अधिक आढळतो, आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांत कमी. तेव्हा ‘गोऱ्यांचा आजार’ असे सरसकट लेबल लावणेही बरोबर नाही.

एक आडवळणाचा मुद्दा इथेच सांगतो, कारण त्यावरून बरेच गैरसमज होतात. फुप्फुस, जठर, प्रोस्टेट यांचे कर्करोग वयाबरोबर वाढत जातात, म्हणून तरुण लोकसंख्येच्या देशात त्यांचे साधे, असमायोजित दर कमी दिसतात आणि समायोजन केल्यावर वर येतात. वृषणाच्या कर्करोगाला हा नियम तसाच लावता येत नाही, कारण तो मुळात तरुणांचाच आजार आहे. भारतासारख्या तरुण देशात त्याचे रुग्ण खरे तर ठळकपणे दिसायला हवे होते. तरीही ते कमीच दिसतात. म्हणजे इथल्या कमी दराचे श्रेय वयोरचनेला देता येत नाही.

वयाचा हा आलेख मला या आजारातला सर्वांत बोलका भाग वाटतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एक बारीकसा उंचवटा असतो; त्यात योक सॅक ट्यूमर आणि टेराटोमा या जातीच्या गाठी येतात. पुढे वयात येईपर्यंत जवळजवळ शांतता असते. पंधराव्या वर्षानंतर आलेख झपाट्याने चढतो, पंचविशी-तिशीत शिखर गाठतो आणि चाळिशीनंतर उतरू लागतो. अमेरिकेत निदानाचे सरासरी वय ३३ आहे. मुले व किशोरवयीन मिळून सुमारे ६ टक्के रुग्ण असतात आणि पंचावन्नच्या पुढचे सुमारे ८ टक्के. शिखरातही दोन थर आहेत : नॉन-सेमिनोमा या गटातल्या गाठी विशीत अधिक, तर सेमिनोमा साधारण दहा वर्षे उशिरा, तिशी-चाळिशीत. साठीनंतरच्या माणसाच्या वृषणात गाठ आली तर ती बहुतेकदा लिंफोमा असते, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग, वेगळाच आजार, ज्याला वेगळे उपचार लागतात. माझ्याकडे साठी-सत्तरीचे असे काही रुग्ण आले, आणि ‘या वयात वृषणाचा कॅन्सर होत नाही’ असे ऐकून त्यांतल्या एकाने चार महिने घालवले होते. ते वाक्य अर्धेच खरे होते.

आलेख असा का चढतो आणि उतरतो? धूम्रपानासारख्या गोष्टींनी होणाऱ्या कर्करोगात इजा वर्षानुवर्षे साठत जाते, म्हणून वय वाढेल तसा दर वाढतो. इथे तसे काही चाललेले नाही. १९७२ मध्ये नील्स स्काकेबेक या डॅनिश डॉक्टरांनी वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांच्या वृषणातल्या काही विचित्र पेशींचे वर्णन केले. पुढे त्यांतल्या काहींना कर्करोग झाला. या पेशी दिसायला गर्भातल्या जननपेशींसारख्या असतात. म्हणजे गर्भावस्थेत ज्या पेशींनी पुढची पायरी चढायला हवी होती, त्यांतल्या काही मागेच राहिल्या, बालपणभर निपचित पडून राहिल्या आणि वयात येताना संप्रेरकांचा लोंढा आला तेव्हा वाढू लागल्या. ज्यांच्यात असे बीज आहे त्यांच्यात ते बहुधा चाळिशीच्या आत उगवून येते, आणि म्हणून पुढे आलेख उतरतो. बाळांतल्या गाठी आणि म्हातारपणी क्वचित येणारा स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर हे या वाटेने येत नाहीत. त्यांचा उगम निराळा आहे.

हे लक्षात घेतले की लोकसमूहांमधला फरकही वेगळ्या नजरेने दिसू लागतो. उत्तरेकडचे देश एकच समजू नका. डेन्मार्क आणि फिनलंड दोन्ही थंड, दोन्ही श्रीमंत, दोन्हींकडे उत्तम नोंदणी. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनलंडमधला दर डेन्मार्कच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी होता. त्याचबरोबर फिनलंडमधल्या पुरुषांचे वीर्य अधिक निरोगी आढळले, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत जन्माच्या वेळी गोळी न उतरलेल्या मुलांचे प्रमाण डेन्मार्कमध्ये ९ टक्के, तर फिनलंडमध्ये २.४ टक्के निघाले. तीन गोष्टी एकत्र वर-खाली होत असतील तर त्यांचे मूळ एकाच ठिकाणी, गर्भात वृषण घडत असतानाच्या काळात, असावे, असा तर्क स्काकेबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला. त्यातल्या प्रत्येक दुव्यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. माझा अनुभव मात्र त्या तर्काशी जुळतो : मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाची तपासणी करताना गाठ हाताला लागली, असे माझ्या हातून एकाहून अधिक वेळा झाले आहे.

काळाचा पुरावा तर आणखी विलक्षण आहे. डेन्मार्कमध्ये कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी १९४३ पासून आहे. तेव्हा लाखामागे तीन-चार असलेला दर शतक संपेपर्यंत दहाच्या घरात गेला आणि मग बराचसा स्थिरावला. हा आजार चाळणी-तपासण्यांनी, म्हणजे लक्षणे नसताना सरसकट केलेल्या तपासण्यांनी, शोधला जात नाही, तो स्वतःहून उघड होतो. त्यामुळे ‘तपासण्या वाढल्या म्हणून आकडे वाढले’ हे स्पष्टीकरण इथे टिकत नाही. संशोधकांनी हे आकडे निदानाच्या वर्षाऐवजी रुग्णांच्या जन्मवर्षाप्रमाणे लावून पाहिले तेव्हा चित्र स्वच्छ झाले : प्रत्येक पुढच्या पिढीला आधीच्या पिढीपेक्षा धोका जास्त, अपवाद फक्त दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्यांचा. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही देशांत त्या वर्षांत जन्मलेल्या पुरुषांना पुढे, वीस-तीस-चाळीस वर्षांनी, अपेक्षेपेक्षा कमी धोका राहिला. युद्धाच्या टंचाईत गरोदर स्त्रियांच्या आयुष्यात काय बदलले, यावर बरीच मते आहेत. पण विशीत होणारा आजार जन्मवर्षाशी बांधलेला निघाला, ही गोष्ट महत्त्वाची.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. स्थलांतरितांवरचे अभ्यास याच कारणासाठी मोलाचे आहेत. फिनलंडमधून स्वीडनला गेलेल्या पुरुषांनी फिनलंडचा कमी धोका सोबत नेला. त्यांच्या स्वीडनमध्ये जन्मलेल्या मुलांचा धोका मात्र स्वीडिश मुलांसारखा झाला. डेन्मार्कमध्येही २००८ मध्ये असाच हिशेब प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्या पहिल्या पिढीचा धोका मूळ डॅनिश पुरुषांच्या सुमारे ३७ टक्केच होता, आणि तो माणूस कोणत्या वयात आला किंवा किती वर्षे राहिला यावर अवलंबून नव्हता; तो ज्या देशातून आला त्या देशासारखा होता. दुसऱ्या पिढीचा धोका डॅनिश पुरुषांच्या जवळपास पोचला होता. तेव्हा तुम्ही तिथे आणखी वीस वर्षे राहिलात तरी, या एका आजारापुरता, तुमचा धोका सांगलीत जन्मलेल्या माणसाचाच राहील असे मी धरून चालेन. तिथले पाणी, थंडी, खाणे यांची धास्ती या कारणाने घेऊ नये.

मुलाचे काय? इथे माझे उत्तर थोडे सावध आहे. फक्त जन्मस्थानावर सगळे ठरत असते तर अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेल्या कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांइतका झाला असता. तो झालेला नाही. वंशाचाही वाटा आहे. २००९ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरच्या केआयटीएलजी या जनुकाजवळचा एक फेरफार सापडला, जो धोका स्पष्टपणे वाढवतो आणि जो युरोपीय वंशाच्या लोकांत आफ्रिकी वंशाच्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. घराण्यातही आजार दिसतो : वडिलांना असेल तर मुलाचा धोका साधारण चौपट, भावाला असेल तर आठपट. दुसऱ्या पिढीवरच्या अभ्यासांत बहुतेक मुले युरोपीय किंवा मिश्र पालकांची होती हे ध्यानात घेता, आईवडील दोघेही मराठी असलेल्या मुलाचा धोका डॅनिश आणि भारतीय या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असेल, असा माझा अंदाज आहे. त्याहून नेमका आकडा कोणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पण मुलाच्या बाबतीत देशापेक्षा आणि वंशापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. न उतरलेली गोळी हा या आजारातला सर्वांत पक्का ज्ञात धोका आहे; त्याने धोका साधारण चौपट होतो आणि एकूण रुग्णांपैकी दहांतल्या एकाला हा इतिहास असतो. आपल्याकडच्या माझ्या रुग्णांत हे प्रमाण मला त्याहून अधिक दिसले, आणि त्याचे कारण आपण शस्त्रक्रिया लांबवतो किंवा करतच नाही हे असावे. चौतीस वर्षांचा एक शेतकरी पोटातल्या मोठ्या गाठीसाठी आला होता. पोटाची सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सगळे झाले होते; त्याची उजवी पिशवी रिकामी आहे हे मात्र कोणी पाहिले नव्हते. पोटात राहिलेल्या गोळीचाच तो कर्करोग होता. त्याला आणि त्याच्या आईला ती बाजू रिकामी आहे हे ठाऊक होते. ‘लग्न झालं, दोन पोरं झाली, मग कशाला दाखवायचं’ असे त्याने मला सांगितले, आणि त्याच्या जागी राहून पाहिले तर त्यात चूक काढता येत नाही.

शस्त्रक्रिया करून गोळी खाली आणल्याने फायदा होतो का, याचे सर्वांत चांगले उत्तर स्वीडनमधून आले. १९६४ ते १९९९ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या १६,९८३ पुरुषांचा पाठपुरावा करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेराव्या वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या २.२ पट निघाला, आणि तेरा किंवा त्यानंतर झालेल्यांचा ५.४ पट. शस्त्रक्रियेने धोका शून्य होत नाही, पण वेळेवर झाली तर तो निम्म्याहून कमी राहतो. काही जण यावर विचारतात की मग तेराव्या वर्षापर्यंत थांबायला हरकत काय? हरकत जननपेशींची आहे. वर राहिलेल्या गोळीला शरीराची पूर्ण उष्णता लागते आणि पहिल्या वर्षातच तिच्यातल्या जननपेशी कमी होऊ लागतात. म्हणून सध्याची शिफारस सहा महिन्यांनंतर आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी अशी आहे. शिवाय खाली आलेली गोळी पुढे आयुष्यभर हाताने तपासता येते. पोटात असलेली येत नाही.

‘आपोआप उतरते’ हे म्हणणे निराधार नाही, फक्त त्याची मुदत फार लहान आहे. जन्माच्या वेळी न उतरलेल्या बहुतेक गोळ्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उतरतात. त्यानंतर उतरणे विरळा. दहाव्या महिन्यात आणखी चार वर्षे थांबण्यात काही मिळकत नाही. गावाकडे ज्या मुलाची ‘पाचव्या वर्षी उतरली’ असे सांगतात, त्याची गोळी बहुधा मुळात उतरलेलीच असते. थंडीने किंवा डॉक्टरांच्या गार हाताने ती स्नायूंच्या ओढीने वर सरकते आणि कोमट पाण्यात बसवले की खाली येते. अशा सरकत्या गोळीला शस्त्रक्रिया लागत नाही, फक्त दरवर्षी पाहत राहावे लागते. तुमच्या मुलाची गोळी यांतली कोणती, जांघेत हाताला लागते की अजिबात लागत नाही, दोन्हींकडे दोष आहे की एकाच बाजूला, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि शस्त्रक्रियेचा प्रकार त्यावरच ठरतो. तिथल्या डॉक्टरांना हे तीन प्रश्न सरळ विचारा. त्यांनी तपासून ‘उतरलेली नाही’ असे सांगितले असेल तर मी त्यांच्याच बाजूचा आहे.

घरच्यांना समजावताना पटींच्या भाषेत बोलू नका, ती घाबरवते. डेन्मार्कमध्ये शंभर पुरुषांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्यांत त्याची दुप्पट, म्हणजे शंभरात दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांतलेही बहुतेक बरे होतात. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात सिस्प्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांबरोबर वापरायला सुरुवात केली, त्याआधी शरीरभर पसरलेल्या आजारातून फारच थोडे तरुण वाचत. आज त्यांतले सुमारे चारपैकी तीन वाचतात आणि वृषणापुरत्या मर्यादित आजारात तर ९९ टक्के. आपल्या वाचकांना युवराज सिंग आठवत असेल. त्याची गाठ छातीत होती, वृषणात नव्हती, पण ती याच जननपेशींच्या कुळातली होती, आणि २०१२ मध्ये इंडियानापोलिसला आइनहॉर्न यांच्याकडेच त्याने उपचार घेतले.

कमी दराचा एक तोटा मात्र आपण भारतात भोगतो. जो आजार डॉक्टरला वर्षानुवर्षे दिसत नाही तो त्याला आठवतही नाही. वृषण सुजलेला तरुण आला की आपल्याकडे आधी हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचणे, मनात येते, विदर्भात तर हत्तीरोगामुळे ते साहजिकच आहे. मग संसर्ग, मग क्षयरोग. एका २६ वर्षांच्या मुलाला आठ महिने प्रतिजैविके दिली गेली आणि एकदा सुई घालून ‘पाणी’ काढण्याचाही प्रयत्न झाला. कर्करोगाच्या शंकेत पिशवीतून सुई घालणे टाळायचे असते, कारण त्याने पेशी नको त्या वाटेने पसरू शकतात. शस्त्रक्रियाही जांघेतून करतात. तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा गाठी पोटात गेल्या होत्या. केमोथेरपीने तो बरा झाला, पण जे एका छोट्या शस्त्रक्रियेत भागले असते त्यासाठी त्याला कित्येक महिने मोजावे लागले, आणि केमोआधी वीर्य साठवून ठेवता येते हेही त्याला ऐनवेळी कळले. असा रुग्ण समोर असताना ‘भारतीयांत हे फार कमी’ हा आकडा निर्णयाला काहीच उपयोगाचा नसतो; त्याचे वय आणि न दुखणारी टणक गाठ, एवढ्यावरून त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्तातल्या एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच या, गाठीचा माग देणाऱ्या पदार्थांच्या, तपासण्या झाल्या पाहिजेत. हे तुम्हालाही लागू आहे. तुमचा धोका कमी आहे म्हणून गाठ लागली तर थांबायचे, असा अर्थ माझ्या वरच्या उत्तरातून काढू नका.

दर महिन्याला स्वतःची तपासणी करावी का, असेही काही जण विचारतात. निरोगी, कोणताही विशेष धोका नसलेल्या पुरुषांनी नियमित चाळणी-तपासणी करण्याविरुद्ध अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०११ मध्ये मत दिले, कारण आजार दुर्मीळ, उशिरानेही बरा होणारा, आणि तपासणीतून उगाच होणाऱ्या धावपळीचे प्रमाण अधिक. ते मला मान्य आहे. आपले शरीर माहीत असावे आणि बदल जाणवला तर दाखवावे, इतके पुरे. ज्याची गोळी शस्त्रक्रियेने खाली आणली आहे त्याची गोष्ट निराळी. त्याने चौदा-पंधराव्या वर्षापासून अंघोळीच्या वेळी अधूनमधून हात लावून पाहण्याची सवय करावी.

त्यासाठी मात्र त्याला ते माहीत असावे लागते. तीस वर्षांचा एक रुग्ण गाठ घेऊन माझ्याकडे आला होता. त्याच्या जांघेत जुना व्रण होता आणि तो लहानपणीच्या हर्नियाचा आहे असे त्याला वाटत होते. मी त्याला आईला फोन लावायला सांगितले. ‘गोळी वर होती म्हणून चौथीत असताना केलं होतं, पण मुलाला काय सांगायचं असलं,’ त्या म्हणाल्या. तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया झाली की तिथल्या रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद नीट ठेवा, त्याची एक प्रत सांगलीच्या घरीही ठेवा, आणि तो चौदा वर्षांचा झाला की त्याच्या हातात द्या.